वाटाड्या घ्यावा कीं न घ्यावा?

आज मी आपल्यापुढें जो प्रश्न मांडणार आहें तो ऐकतांच आपणांस अगदीं घरगुती वाटेल. घरांतील वडील माणसांना घेऊन रानांत जावयाचें असेल, तर बरोबर वाटाड्या घ्यावा, कीं आपले आपणच जावें? दोन दिवाळ्यांपूर्वीं हा प्रश्न माझ्या आजोळीं, अनसिंगला, निघाला. फराळाच्या ताटावर सुरू झालेला वाद भाऊबीजेच्या ओवाळणीपर्यंत मिटला नव्हता. त्या वादांतून आणि पुढें घडलेल्या प्रवासांतून मला जें थोडेंसें उमगलें, तें आपल्या कानांवर घालावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं सत्तरी ओलांडलेलीं माणसें असतील. त्यांना कोठेंतरी जावेंसें वाटत असेल आणि त्यांना कसें न्यावें याची चिंता आपणांस पडत असेल. म्हणून हा विषय केवळ रानाचा नाहीं.

अनसिंग हें वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. गांवाचें नांव लोक शृंगऋषींशीं जोडतात. हे शृंगऋषि म्हणजे रामायणांत ज्यांची कथा येते ते ऋष्यशृंग. हरिणीच्या पोटीं जन्म, कपाळावर शिंग आणि सारें बालपण रानांत. वडील विभांडक मुनि यांच्यावांचून दुसरें माणूस त्यांनीं पाहिलेलें नव्हतें. अंगदेशांत पाऊस पडेना, तेव्हां राजा रोमपादानें त्यांना युक्तीनें रानाबाहेर आणविलें, आणि पुढें दशरथाचा पुत्रकामेष्टि यज्ञ त्यांच्याच हातून झाला. आमचे मामा थट्टेनें म्हणत, "आपण शिंगवाल्या ऋषीच्या गांवचीं माणसें. रानांत आपल्याला रस्ता विचारावा लागत नाहीं!"

मामा त्या वेळीं एकोणऐंशी वर्षांचे होते. आई त्यांच्याहून पांच वर्षांनीं लहान, आणि मामी बहात्तरांच्या. मामांच्या मनांत एक गोष्ट कित्येक वर्षें घोळत होती. मोकळ्या रानांतलें सांबर आणखी एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही ती गोष्ट. पिंजऱ्यांतलें नव्हे, चित्रांतलें नव्हे. त्याच्या स्वतःच्या डोंगरांत उभें असलेलें. आईला व मामींना चिखलदरा पाहावयाचा होता. तेव्हां जानेवारींत मेळघाटास जावें हें ठरलें. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, मूर्तिजापूर करीत परतवाड्यास पोंचावयाचें आणि तेथून घाट चढावयाचा. येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. मतभेद झाला तो यापुढें.

मेळघाटाच्या राखीव भागांत सफारीच्या गाडींतून जावयाचें तर वनखात्याच्या फाटकावरून स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. परंतु परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल या गांवांवरून धारणीकडे जाणारा सार्वजनिक रस्ता त्याच डोंगरांतून जातो. त्या रस्त्यानें आपल्या मोटारींतून कोणालाही जातां येतें. मामांचें म्हणणें असें कीं, सफारी नकोच. आपल्या गाडीनें या रस्त्यानें हळूहळू जावें, मनास वाटेल तेथें थांबावें, आणि सांबर दिसेल तर दिसेल. मामेभावाचें म्हणणें याच्या उलट होतें. तो म्हणे, या वयाच्या तीन माणसांना घेऊन परक्या रानांत वाटाड्याशिवाय जाणें हें धाडस नव्हे, अविचार आहे.

दोन्ही पक्षांचें म्हणणें न्यायानें सांगितलें पाहिजे. मामांचा पक्ष पोकळ नव्हता. वाटाड्या आला कीं त्याची घाई आली, असें ते म्हणत. सफारीच्या गाड्या वाघाच्या मागें धांवतात. वाटेंतलें सुतारपक्ष्याचें भोंक, ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल, वाळवीचें वारूळ, यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. म्हाताऱ्या माणसाला लांबवर जावयाचें नसतें. त्याला थांबावयाचें असतें. शिवाय अनोळखी तरुणासमोर आपलें हळू चालणें, पुनःपुन्हां पाणी पिणें, आडोसा शोधणें, हें सारें उघडें पडतें. घरच्या माणसांत तितका संकोच नसतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जें आपण होऊन शोधलें त्याचा आनंद दुसऱ्यानें बोट दाखवून दिलेल्या वस्तूंत नाहीं.

मामेभावाचा पक्षहि तितकाच सबळ होता. विदर्भाच्या रानांत वाघाहून अस्वलाचें भय अधिक, हें तेथील कोणीही माणूस सांगेल. अस्वलाची नजर अधू; वाऱ्याची दिशा प्रतिकूल असली तर माणूस अगदीं जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाहीं, आणि मग तें दचकून अंगावर येतें. तरुण माणूस सावध राहूं शकतो, मागें सरूं शकतो. ज्याला कमी ऐकूं येतें आणि ज्याचे गुडघे धरलेले आहेत, त्यानें काय करावें? शिवाय घाटांत कित्येक ठिकाणीं दूरध्वनीचा संपर्क मिळत नाहीं. मामींना मधुमेह आहे. पहांटे उपाशीपोटीं निघून चार तास गाडींत बसणें त्यांना सोसेल काय? गाडी बंद पडली, कोणाला घेरी आली, तर जवळचें गांव कोणतें आणि तेथें कोण भेटेल, हें जो जाणतो तो माणूस बरोबर असलेला बरा.

श्रोतेहो, मामांच्या हट्टामागें एक जुना इतिहास होता. माझे आजोबा परवानाधारक शिकारी होते. त्या काळीं सरकारी रानांचे शिकारीसाठीं गट पाडलेले असत. परवाना काढणाऱ्याला ठराविक मुदतीपुरता एक गट मिळे आणि कोणतें जनावर किती मारावें यावर बंधन असे. पुसदेच्या बाजूच्या डोंगरांत आजोबा जात, आणि विशीबाविशींतले मामा त्यांच्याबरोबर असत. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचा तो सारा व्यवहार संपला. तो संपला हें योग्यच झालें, असें मामा स्वतः म्हणतात. आतां तर रानांत गळून पडलेलें शिंगसुद्धां उचलून आणतां येत नाहीं. बंदूक गेली; परंतु रान आपल्याला कळतें हा अभिमान मात्र मामांपाशीं शिल्लक राहिला. वाटाड्या घ्या असें म्हणणें म्हणजे तो शेवटचा ठेवा काढून घेण्यासारखें होतें. म्हणूनच मी वादांत पडलों नाहीं.

अशा वेळीं लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं अमेरिकेंतून माझ्या भाच्याचा दूरध्वनि आला. तो कोलोरॅडो राज्यांत असतो. तेथील मुलीशीं त्याचें लग्न झालें आहे. त्याचे सासरे सत्तरीचे, सासऱ्यांचे वडील बंधु त्याहून मोठे. पुढील शरदऋतूंत एल्कच्या शिकारीला त्या दोघांबरोबर जावयाचें ठरत होतें, आणि त्या घरींही तोच वाद चालू होता. पैसे भरून वाटाड्या घ्यावा, कीं तिघांनींच जावें? भाच्यानें विचार केला कीं आपल्या घराण्यांत शिकार पाहिलेले एकच गृहस्थ आहेत, तेव्हां मामाआजोबांनाच विचारावें.

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेंतलें मोठें हरिण. वापिटी हें त्याचें दुसरें नांव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आलेलें आहे. काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा आप्त. आपलें सांबर त्याच्याहून वेगळ्या जातीचें असलें तरी आकारानें आणि शिंगांच्या भारानें त्याची आठवण करून देणारें आहे. एकोणिसाव्या शतकांत सिंहलद्वीपांत गेलेले इंग्रज शिकारी तेथल्या सांबरालाच एल्क म्हणत; सॅम्युअल बेकर यांच्या शिकारग्रंथांत तें त्याच नांवानें येतें. पूर्ण वाढलेला सांबराचा नर खांद्याशीं पांच फुटांपर्यंत उंच भरतो, वजनाला दोन ते तीन क्विंटल. शिंगाला बहुधा तीन टोकें. दरवर्षीं तीं गळतात आणि नवीं येतात. एल्क याहूनही जड असतो. तेव्हां मामांनीं प्रश्न ऐकला तो कांहीं परका म्हणून नव्हे.

त्यांनीं भाच्याला विचारलें, "डोंगर किती उंच?" तो म्हणाला, "नऊ ते दहा हजार फूट."

"सासऱ्यांना ही जागा ठाऊक आहे?"

"नाहीं. ते दुसऱ्या राज्यांतून येणार."

"जनावर पडल्यावर उचलणार कोण?"

भाचा थांबला. एल्कचें मांस रानांतच चार भाग करून पाठीवर घालून आणावें लागतें, आणि मागचा एक पाय तीस किलोंच्या घरांत भरतो. एका तरुणानें तो किती वेळां वाहावा? आणि म्हाताऱ्यांनीं तोंवर थंडींत कोठें बसावें?

मामा क्षणभरही न अडखळतां म्हणाले, "वाटाड्या घे. या वयाच्या माणसांना घेऊन परक्या डोंगरांत एकट्यानें जाऊं नये."

दूरध्वनि ठेवल्यावर खोलींत कोणी बोललें नाहीं. मामेभाऊ हंसणार होता, पण मी त्याला डोळ्यानें दाबलें. आई मात्र स्वस्थ बसणारी नव्हे. ती म्हणाली, "दादा, त्यांचीं म्हातारीं तीं म्हातारीं, आणि आपण कोण?"

मामा म्हणाले, "त्यांना तो डोंगर ठाऊक नाहीं. मी रानांत वाढलों. आम्ही काय वाटाड्या घेऊन जात होतों?"

यावर आई जें बोलली तें मी विसरणार नाहीं. ती म्हणाली, "जात होतां कीं. बाबा निघायचे त्याच्या आदल्या रात्रीं तो आंध येऊन ओसरीवर झोंपायचा. पहांटे मी त्याला चहा द्यायची. तो पुढें असायचा, तुम्ही मागें."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो. होता खरा." आईनें विचारलें, "त्याचें नांव काय हो?" मामांनीं आठवून पाहिलें. त्यांना आठवलें नाहीं. आईलाही आठवलें नाहीं. आजोबा त्याला हाक मारीत ती नुसती 'अरे' म्हणून.

श्रोतेहो, आंध ही पुसद, उमरखेड, वाशीम या भागांत राहणारी आदिवासी जमात. ज्या माणसाच्या पाठोपाठ माझे आजोबा दहा-बारा वर्षें रानांत हिंडले, ज्यानें माग काढला, वारा पाहिला, पाणवठा दाखविला, त्याला आमच्या घरीं वाटाड्या असें कधीं म्हटलेंच गेलें नाहीं. म्हणून मामांच्या स्मरणांत ते दिवस वाटाड्याविना गेले होते. 'आम्ही आमचे आम्ही जात होतों' असें जेव्हां जुनीं माणसें सांगतात, तेव्हां त्या वाक्यांत असा एखादा न मोजलेला माणूस पुष्कळदां उभा असतो.

अमेरिकेंतल्या कायद्यांनीं हा प्रश्न कसा सोडविला आहे तें पाहण्याजोगें आहे. वायोमिंग राज्यांत बाहेरच्या राज्यांतून आलेल्या माणसाला राखीव वन्य प्रदेशांत मोठ्या जनावरांची शिकार करावयाची असेल, तर परवानाधारक वाटाड्या किंवा त्या राज्याचा रहिवासी बरोबर असावा लागतो. अलास्कांत तपकिरी अस्वल, डोंगरी मेंढा व डोंगरी बोकड यांच्या शिकारीपुरता असाच नियम आहे. परंतु तेथें वाटाड्याच्या जागीं त्या राज्यांत राहणारा जवळचा नातलग चालतो. म्हणजे अलास्काचा कायदा सोयरिकीला वाटाड्याइतकें मानतो. पण त्या सोयऱ्याचें घर त्या राज्यांत असलें पाहिजे, अशी अट घालतो. नुसतें प्रेम पुरे नाहीं, जागेची ओळख हवी. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो.

अखेर तोड निघाली ती अशी: दोन दिवस राहावयाचें, पहिला दिवस मामांच्या मनासारखा, दुसरा दिवस वाटाड्याचा.

पहिल्या दिवशीं आम्ही चिखलदऱ्याहून आमच्या गाडीनें निघालों. गाविलगडाचे बुरूज पाहिले. आई व मामी ऊन खात बसल्या. दुपारीं घाटांतल्या रस्त्यानें हळूहळू जाऊं लागलों. सागाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं होतीं. मामा कांच खालीं करून बाहेर पाहात होते आणि झाडांचीं नांवें सांगत होते. मला कबूल केलें पाहिजे कीं, तो तास दीड तास अतिशय सुखाचा गेला. कोणाची घाई नाहीं, कोणाचें बोट नाहीं.

मग एका वळणावर मामांनीं गाडी थांबवावयास सांगितलें. खालीं एक कोरडा नाला होता. त्यांना वाटलें, वाळूंत खूर उमटलेले असतील. आम्ही नको म्हणण्यापूर्वीं ते उतरून चालूं लागले. मी व मामेभाऊ मागोमाग गेलों. उतार सोपा होता. मामा सरळ खालीं पोंचले. खूर होतेही. पण परत वळल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं जो उतार येतांना सोपा तो जातांना चढ असतो. वीस पावलांवर त्यांना धाप लागली. ते एका दगडाला टेकून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. पलीकडच्या करवंदीच्या जाळींत कांहीं खसफसलें. मोर असेल, रानडुक्कर असेल, कांहींही असेल. मामांना तर तें ऐकूंही आलें नाहीं. आम्ही दोघे त्यांच्या दोन बाजूंना उभे राहिलों, आणि त्यांना वर आणावयास पाऊण तास लागला. वर मोटारींत दोघी जणी बसलेल्या. काय झालें हें त्यांना कळावयास मार्ग नव्हता.

विशेष कांहीं अनर्थ झाला नाहीं. परंतु त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, ती अस्वलाच्या भीतीनें नव्हे. मामा उतरूं लागले तेव्हां मला 'थांबा' असें म्हणावयाचें होतें, आणि तें माझ्या तोंडून निघालें नव्हतें. ज्यांच्या खांद्यावर बसून मी अनसिंगचा बाजार पाहिला, त्यांना मी रस्त्यावर कसें थांबवूं? त्यांच्या मुलालाही तें जमलें नाहीं. आमच्या घरांत वडिलांना 'पुरे' म्हणण्याची कोणाला संवय नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं ती नसेल.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही सेमाडोहच्या फाटकावर गेलों. वाटाड्या पंचविशींतला कोरकू तरुण होता. कोरकू लोक या डोंगरांतले जुने रहिवासी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतली नाहीं, मुंडा कुळांतली आहे. आदल्या संध्याकाळींच आम्ही त्याला भेटून तीन गोष्टी सांगितल्या होत्या: मामांना डाव्या कानानें ऐकूं येत नाहीं, मामींना दर दोन तासांनीं कांहीं खावें लागतें, आणि आम्हांला वाघ नको, सांबर दिसलें तर पुरे. तिसरी गोष्ट ऐकून तो हंसला. म्हणाला, "असें सांगणारे थोडे येतात."

गाडीची पायरी उंच होती. त्यानें फाटकावरून एक लाकडी घडवंची आणून ठेवली आणि आई व मामी तिच्यावरून वर चढल्या. ही घडवंची मागावी असें आम्हां शहाण्यांना सुचलें नसतें. मामांना त्यानें पुढच्या बाकावर, आपल्या शेजारीं, उजवा कान आपल्याकडे येईल असें बसविलें. गाडी त्यानें चालकाला हळू हांकावयास सांगितली. थंडी कडाक्याची होती. सिपना नदीवर धुकें तरंगत होतें.

थोड्या वेळानें एका झाडाच्या बुंध्यावर छातीभर उंचीवर साल सोललेली दिसली. वाटाड्यानें गाडी थांबविली, पण तो बोलला नाहीं. मामांकडे पाहूं लागला. मामा म्हणाले, "नरानें शिंगें घासलीं आहेत. ताजें आहे, चीक अजून ओला दिसतो." तरुण म्हणाला, "बरोबर, आजोबा. काल नव्हतें." एवढेंच. परंतु माझ्या मामांच्या मानेची ठेवण त्या क्षणीं बदलली. त्यानंतर ते दोघे जोडीनें रान पाहूं लागले. एकाचे डोळे आणि कान तरुण, दुसऱ्याची आठवण जुनी. रस्त्याच्या धुळींतले खूर दिसले कीं हा विचारी, तो सांगे. आणि दोन ठिकाणीं त्यानें मामांची चूक हळूच दुरुस्तही केली. मामांनीं ती मानली.

साडेसात-आठाच्या सुमारास दरींतून एक आवाज आला, जणूं कोणी पत्र्याच्या डब्यावर एकदांच ठोकलें. मामांना तो ऐकूं आला नाहीं. वाटाड्यानें त्यांच्या गुडघ्याला स्पर्श करून दिशा दाखविली. सांबर भय वाटलें कीं असें ओरडतें. गाडी उभी राहिली, यंत्र बंद झालें. आणि मग नदीच्या पलीकडच्या कांठावर, बांबूच्या बेटाला लागून, तो उभा असलेला दिसला. करडा-काळसर अंग, मानेवर दाट आयाळ, तीन टोकांचीं शिंगें मागें कलती. कान आमच्याकडे वळलेले. दोन-तीन मिनिटें तो हलला नाहीं. मामाही हलले नाहींत. मग त्यानें एक पाय आपटला आणि बांबूंत शिरला. एवढ्या अवजड जनावराचा जातांना आवाज झाला नाहीं.

मामांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "आणखी पुढें जाऊं. पुढच्या पाणवठ्यावर कळप असेल." मामींचा चेहरा थकलेला होता, पण त्या कधीं बोलावयाच्या नाहींत. मी मामेभावाकडे पाहिलें, त्यानें माझ्याकडे. आणि आमच्यापैकीं कोणी तोंड उघडण्यापूर्वीं तो तरुण शांतपणें म्हणाला, "आजोबा, आतां परतायचें. आजींची खाण्याची वेळ झाली."

मामांनीं एकदां त्याच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, "चला."

श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणांत सांगण्यासारखें जें आहे तें या एका शब्दांत आहे. वाटाड्या जनावर दाखविण्यासाठीं लागतो असें आपण समजतों. जनावर कधीं त्याच्याविनाही दिसतें, कधीं त्याच्यासह दिसत नाहीं. वडील माणसें बरोबर असतां त्याचें खरें काम परत केव्हां फिरावें हें ठरविण्याचें आहे. हें काम मुलानें केलें तर तो अधिकार गाजविणें होतें, जांवयानें केलें तर अपमान होतो, भाच्याच्या तर तोंडून शब्दच निघत नाहीं. परका, पण त्या जागेचा जाणता माणूस तें सहज करतो. आणि वडिलांनाही त्याचें ऐकण्यांत कमीपणा वाटत नाहीं, कारण तें वयाचें बोलणें नसतें, रानाचें असतें.

मात्र वाटाड्या नुसता घेऊन भागत नाहीं. तो कसा घ्यावा हेंही शिकलें पाहिजे. आदल्या दिवशीं त्याला भेटावें. कोणाला काय होतें, कोणाला ऐकूं येत नाहीं, कोणतें औषध केव्हां, हें स्पष्ट सांगावें. त्यांत लाज नाहीं. आपल्याला काय पाहावयाचें आहे तेंही सांगावें, नाहींतर तो बिचारा सर्वांना वाघच हवा असें धरून चालतो. सर्वांत वडील माणसाला त्याच्या शेजारीं बसवावें आणि आपण मागें बसावें, म्हणजे जुन्या माणसाचें ज्ञान वायां जात नाहीं. मोहाचीं फुलें गळतात त्या मार्च-एप्रिलच्या दिवसांत अस्वलें पहांटे झाडांखालीं येतात. तेव्हां वडिलांना घेऊन रानवाटेनें पायीं हिंडूं नये. आणि मे महिन्यांतलें वैदर्भी ऊन तर घरांतही सोसवत नाहीं. रानाचा हट्ट हिवाळ्यांतच पुरवावा.

तर मग वाटाड्याविना जाणें सर्वथा त्याज्य आहे काय? नाहीं. अनसिंगच्या शिवारांत संध्याकाळीं बांधावर उभें राहिलें कीं तुरींत शिरणारे रोही दिसतात. कारंजा-सोहोळच्या माळावर काळविटांचें अभयारण्य आहे. तेंही आमच्याच जिल्ह्यांत. आमच्या शिवारांत मी आजही मामांच्या मागून जातों. तेथील ओढा, बांध, विहिरी, कोणाचें कुत्रें चावतें आणि कोणाच्या झोंपडींत पाणी मिळेल, हें सारें त्यांना ठाऊक आहे. तेथें ते वाटाडे आणि मी पाहुणा. ज्याची जागा त्याचा अधिकार, हा न्याय दोन्हीकडे सारखाच.

भाच्याचें काय झालें हें विचारावयाचें आपल्या मनांत असेल. त्यानें वाटाड्या घेतला. पांच दिवसांत एल्क मिळाला नाहीं. चौथ्या दिवशीं सासऱ्यांच्या बंधूंना उंचीवरच्या विरळ हवेनें त्रास होऊं लागला, तेव्हां वाटाड्यानें त्यांना कोणालाही न विचारतां खालच्या मुक्कामावर नेलें. सासरे प्रथम रागावले, मागाहून त्यांनीं त्याचे आभार मानले. भाच्यानें हें मामांना कळविलें, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "म्हणजे शिकार चांगली झाली."

मेळघाटाहून परतल्यावर मामांनीं घरच्या जमाखर्चाच्या वहींत त्या कोरकू तरुणाचें नांव आणि गांव लिहून ठेवलें. तें नांव मी येथें सांगत नाहीं, कारण त्याला विचारलेलें नाहीं. त्याच्या वरची एक ओळ मामांनीं कोरी सोडली आहे. आजोबांच्या त्या आंध सोबत्याचें नांव कोणाला आठवलें तर तेथें लिहावयाचें आहे. पुसदेकडच्या एक-दोन जुन्या ओळखींच्या माणसांना मामांनीं पत्रें घातलीं आहेत. अजून उत्तर आलेलें नाहीं.

आपल्या घरच्या वडिलांना घेऊन आपण कोठें निघाल, तेव्हां या कोऱ्या ओळीची आठवण ठेवावी, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.